५७६ रेषांचा हिशेब : मालिकेसाठी डीव्हीडी की ब्लू-रे?

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे निघालं की चौदाव्या किलोमीटरवर चितेगाव लागतं. धूत कुटुंबाच्या व्हिडिओकॉनचा कारखाना तिथला. ऐंशीच्या दशकात जपानच्या तोशिबा कंपनीशी तांत्रिक करार करून व्हिडिओकॉनने रंगीत टीव्ही बनवायला घेतले आणि मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत पहिला रंगीत टीव्ही आला तो याच नावाचा. गच्चीवरचा अँटेना म्हैसमाळच्या दिशेने वळवलेला असे, कारण दूरदर्शनचा मनोरा तिथल्या डोंगरमाथ्यावर. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी 'रामायण' लागलं की कुणीतरी गच्चीवर, कुणीतरी जिन्यात आणि बाकीचे पडद्यासमोर, अशी अँटेना फिरवण्याची व्यवस्था घरोघरी होती.

त्याच तोशिबाने १ नोव्हेंबर १९९६ ला जपानमध्ये जगातला पहिला डीव्हीडी प्लेअर विक्रीला आणला. पुढच्या पिढीची तबकडी कुठली यावरून सोनी आणि तोशिबा यांच्यात झगडा झाला, तेव्हा तोशिबाची 'एचडी डीव्हीडी' हरली. फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने माघार घेतली आणि मैदानात ब्लू-रे एकटी उरली. तेव्हापासून घरी मालिका बघणाऱ्यापुढे दोनच डिस्क आहेत. आई-वडिलांसाठी जुनी मालिका घ्यायची आहे, परदेशातल्या भावाला एखादा सेट आणायला सांगायचा आहे, किंवा आवडती मालिका ॲपवरून गायब झाली म्हणून ती कायमची घरात ठेवायची आहे, तर डीव्हीडी घ्यावी की ब्लू-रे?

दुकानदार सांगेल, ब्लू-रे नवी, म्हणून चांगली. चित्रपटाच्या बाबतीत हे उत्तर बहुतेक वेळा बरोबर ठरतं. मालिकेच्या बाबतीत ते निम्म्या वेळा चुकतं, असं माझं ठाम मत आहे. मालिका मुळात कशावर चित्रित झाली हे आधी बघायला हवं. तबकडीचा विचार त्यानंतर.

भारताने रंगीत प्रक्षेपणासाठी पाल पद्धत स्वीकारली. तिच्यात एका चित्राच्या ६२५ आडव्या रेषा असतात. त्यातल्या काही रेषा टीव्हीला ताळमेळ ठेवण्यासाठी लागतात, प्रत्यक्ष डोळ्यांना दिसतात त्या ५७६. दूरदर्शनच्या काळातल्या बहुतेक मालिका व्हिडिओ कॅमेऱ्याने चुंबकीय टेपवर मुद्रित झाल्या, आणि त्या टेपवर ५७६ च्या वर एकही रेषा नव्हती. १९९९ मध्ये अल्फा मराठी सुरू झाल्यावर 'आभाळमाया', 'प्रपंच', 'श्रीयुत गंगाधर टिपरे' या मालिकांनी मराठी घरांची संध्याकाळ व्यापली, तेव्हाही वाहिन्यांचं प्रक्षेपण याच ५७६ रेषांचं होतं. झी मराठीची एचडी वाहिनी यायला २०१६ साल उजाडलं.

आता डीव्हीडीकडे बघा. पाल डीव्हीडीवरचं चित्र ७२० बाय ५७६ बिंदूंचं असतं. हा योगायोग नाही, टीव्हीचं चित्र जसंच्या तसं मावावं म्हणूनच ती मापं ठरली. म्हणजे टेपवर चित्रित झालेली जुनी मालिका डीव्हीडीवर संपूर्ण उतरते, तिच्यातलं काहीही बाहेर राहत नाही. म्हैसमाळहून हवेतून येणारं चित्र वाटेत मुंग्या, सावल्या आणि वाऱ्याने हललेला अँटेना हे सगळं घेऊन येई. डीव्हीडीवर त्यातलं काही नाही. मूळ टेप नीट राखली असेल आणि तिच्यावरून डीव्हीडी काळजीने केली असेल, तर १९८७ मध्ये घरी दिसलं त्यापेक्षा स्वच्छ 'रामायण' आज त्याच घरात दिसू शकतं.

अशी मालिका ब्लू-रेवर घातली तर काय मिळेल? ब्लू-रेचं चित्र १९२० बाय १०८० बिंदूंचं. पण मुळात नसलेला तपशील तबकडी कुठून आणणार? संगणक दोन रेषांच्या मध्ये अंदाजाने नवी रेषा भरतो, कडा धारदार करतो. त्याचा अतिरेक झाला की चेहऱ्याची कातडी मेणासारखी गुळगुळीत होते आणि साडीच्या काठावरची नक्षी पुसली जाते. जुन्या व्हिडिओ मालिकेच्या खोक्यावर 'एचडी' छापलेलं दिसलं तर त्यासाठी जास्त पैसे मोजण्याआधी थांबावं, असं मी प्रत्येकाला सांगतो.

फिल्मवर चित्रित झालेल्या मालिकांची गोष्ट वेगळी आहे, आणि तिथे मी तेवढ्याच आग्रहाने ब्लू-रेची बाजू घेईन. पस्तीस मिलिमीटरच्या निगेटिव्हमध्ये टीव्हीच्या ५७६ रेषांपेक्षा कितीतरी जास्त तपशील असतो. प्रक्षेपणाच्या वेळी तो टेपवर उतरवताना वाया गेला, पण निगेटिव्ह डब्यात सुरक्षित राहिली तर तपशीलही सुरक्षित राहतो. 'फ्रेंड्स' ही अमेरिकन मालिका १९९४ ते २००४ अशी दहा वर्षं चालली. ती पस्तीस मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाली होती. तिच्या निगेटिव्ह नव्याने स्कॅन करून २०१२ मध्ये ब्लू-रे संच निघाला, आणि टीव्हीवर कधीच कुणी बघितलं नव्हतं इतकं स्वच्छ चित्र त्यात मिळालं. 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन'साठी तर याहून मोठी मेहनत झाली. ती मालिका फिल्मवर चित्रित झाली होती, पण तिचं संकलन आणि अवकाशयानांची जादू व्हिडिओ टेपवर केली होती. त्यामुळे १७८ भागांची मूळ फिल्म शोधून, स्कॅन करून, प्रत्येक भाग पुन्हा जुळवावा लागला. २०१२ ते २०१४ या काळात हे सात सीझन ब्लू-रेवर आले. तिच्या पाठोपाठच्या 'डीप स्पेस नाइन'च्या वाट्याला असा खर्च आला नाही, त्यामुळे ती आजही डीव्हीडीवरच घ्यावी लागते.

आपल्याकडे गोविंद निहलानींचं 'तमस' हे १९८८ मध्ये दूरदर्शनवर आलेलं काम फिल्मवरचं. म्हणूनच ते राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांतही उभं राहू शकलं. अशा कामाची निगेटिव्ह सुस्थितीत असेल तर तिच्यातून ब्लू-रेच्या तोडीचं चित्र काढता येतं. बीबीसीच्या जुन्या विनोदी मालिकांमध्ये दोन्ही प्रकार एकाच भागात सापडतात. घरातले प्रसंग स्टुडिओत व्हिडिओवर, आणि रस्त्यावरचे सोळा मिलिमीटर फिल्मवर. पात्र दाराबाहेर पडलं की चित्राचा पोत बदलतो तो त्यामुळे. या मालिकांना डीव्हीडी पुरते.

जास्त रेषा मिळाल्या म्हणून मालिका आहे तशीच मिळाली असंही होत नाही, हे 'फ्रेंड्स'वरूनच कळतं. तिच्या अमेरिकन डीव्हीडी सेटमध्ये प्रक्षेपणात कापलेले प्रसंग जोडून लांबवलेले भाग होते. ब्लू-रेवर मात्र प्रक्षेपणातली लहान आवृत्ती आली. शिवाय मूळ चौकोनी चित्र आजच्या रुंद पडद्यासाठी नव्याने कापलं गेलं. त्यामुळे दोन्ही बाजूंना थोडं जास्त दिसतं आणि वर-खाली थोडं कमी. ज्याला मालिका पाठ आहे त्याला हे खटकतं. चित्र हवं की प्रसंग, हे तिथे ज्याने त्याने ठरवावं. मी प्रसंग निवडेन.

आता तबकडीच्या पोटात डोकावू. सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे या तिन्हींचा व्यास १२० मिलिमीटरच. तिन्हींवर आतून बाहेर जाणारा एक सलग सर्पिल माग असतो, त्यावर सूक्ष्म खळगे असतात आणि लेसरचा ठिपका ते वाचत जातो. जाड निबाने वहीच्या पानावर दहा ओळी मावतात आणि बारीक निबाने चाळीस, तसंच इथे. डीव्हीडीचा लेसर लाल, ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा. ब्लू-रेचा निळसर-जांभळा, ४०५ नॅनोमीटरचा. तरंगलांबी जितकी कमी तितका ठिपका बारीक. त्यात ब्लू-रेचं भिंगही जास्त ताकदीचं. त्यामुळे डीव्हीडीवर शेजारच्या दोन मागांत ०.७४ मायक्रोमीटर अंतर लागतं, तिथे ब्लू-रेला ०.३२ मायक्रोमीटर पुरतं. परिणाम असा, की डीव्हीडीच्या एका थरात ४.७ जीबी आणि दोन थरांत ८.५ जीबी मावतं, ब्लू-रेच्या एका थरात २५ आणि दोन थरांत ५० जीबी.

निळ्या प्रकाशाचा अर्धवाहक बनवणं हीच यातली मोठी अडचण होती. गॅलियम नायट्राइडच्या स्फटिकावर जपानमधल्या संशोधकांनी वर्षानुवर्षं काम केलं. इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना निळ्या एलईडीसाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निळसर-जांभळा लेसर त्याच वाटेने आला आणि ब्लू-रेला नावही त्यावरूनच मिळालं.

नुसती जागा वाढली असं मात्र नाही. डीव्हीडी चित्र दाबून भरण्यासाठी एमपेग-२ ही जुनी पद्धत वापरते. ब्लू-रे सहसा एच.२६४ वापरते, ती तेवढ्याच जागेत जास्त नेटकं चित्र ठेवते. डीव्हीडीवर चित्रासाठी सेकंदाला जास्तीत जास्त ९.८ मेगाबिट मिळतात, ब्लू-रेवर ४०.

या आकड्यांतून एक कामाची युक्ती निघते. सेट घेताना एकूण तास आणि डिस्कची संख्या यांचा भागाकार करायचा. दोन थरांच्या डीव्हीडीवर साधारण पावणेचार तास भरले तर सेकंदाला पाच मेगाबिटच्या आसपास मिळतात, आणि मालिकेसाठी हा दर चांगला आहे. पण आपल्याकडे एका थराच्या डीव्हीडीत तीन-तीन चित्रपट किंवा मालिकेचे दहा-बारा भाग कोंबण्याची पद्धत होती. सहा तास कोंबले की सेकंदाला पावणेदोन मेगाबिटही जेमतेम उरतात. मग यज्ञाचा धूर, पाऊस, गर्दी, युद्धाचा प्रसंग आला की चित्राचे चौकोनी तुकडे पडतात. त्यात दोष डीव्हीडी या प्रकाराचा नसतो, एक डिस्क वाचवणाऱ्या प्रकाशकाचा असतो. लोक मात्र तेवढ्यावरून डीव्हीडीच वाईट म्हणून निकाल देतात.

दुसरा गोंधळ व्हीसीडीचा. मराठी नाटकं, कीर्तनं आणि जुन्या मालिका आपल्याकडे फार मोठ्या संख्येने व्हीसीडीवर निघाल्या, आणि घरात या सगळ्यांना सरसकट 'सीडी' म्हणतात. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ बिंदूंचं, म्हणजे डीव्हीडीच्या एक-चतुर्थांशाहूनही थोडं कमी. एका डिस्कवर सव्वा तासाच्या आसपास मावतं. दोन्हींची खोकी सारखी, चित्रं सारखी. मोझर बेअर कंपनीने २००७ मध्ये २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी बाजारात आणली, तेव्हा फरक फक्त सहा रुपयांचा होता आणि तरीही पुष्कळांनी व्हीसीडीच उचलली, कारण घरात व्हीसीडी प्लेअर होता. आज जुना सेट घेताना खोक्यावरचं चिन्ह वाचून डीव्हीडी असल्याची खात्री करा. हा फरक डीव्हीडी आणि ब्लू-रे यांच्यातल्या फरकापेक्षा डोळ्यांना जास्त जाणवतो.

आता पडदा आणि बैठक. छत्रपती संभाजीनगरातल्या सिडकोच्या एन-वन ते एन-थर्टीनपर्यंतच्या जुन्या घरांत पुढची खोली साधारण दहा बाय बाराची. एका भिंतीला टीव्ही, समोरच्या भिंतीला दिवाण किंवा सोफा. म्हणजे डोळा आणि पडदा यांच्यात आठेक फूट अंतर. निरोगी डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखतो. या मापाने गणित मांडलं तर ३२ इंची टीव्हीवर ५७६ रेषा पावणेआठ फुटांच्या पुढे एकमेकींत मिसळतात. म्हणजे आठ फुटांवर बसणाऱ्याला ३२ इंची पडद्यावर चांगली डीव्हीडी आणि ब्लू-रे यांच्या तपशिलात फरक जवळपास दिसणारच नाही. ४३ इंची टीव्हीला हे अंतर साडेदहा फूट होतं, ५५ इंचीला तेरा फुटांच्या वर. ५५ इंची पडदा आणि आठ फूट अंतर असेल तर ब्लू-रेचा फायदा स्पष्ट दिसतो, आणि १०८० रेषांचा पुरेपूर तपशील हवा तर सात फुटांच्या आसपास बसावं लागतं.

म्हणून घरातल्या टेपने अंतर मोजा. दहा मिनिटांचं काम आहे आणि त्यावर काही हजार रुपये वाचतात. घरात साठीच्या पुढची माणसं असतील, मोतीबिंदू किंवा चष्म्याचा नंबर असेल, तर या हिशेबात आणखी सूट धरावी. त्यांच्यासाठी आवाज स्वच्छ असणं आणि उपशीर्षकं मोठी असणं जास्त मोलाचं.

टीव्हीची मांडणी बिघडली तर कुठलीही डिस्क उपयोगाची नाही, आणि ही चूक मी घराघरांत बघतो. जुन्या मालिकांचं चित्र चार-तीन प्रमाणाचं, आजचे पडदे सोळा-नऊचे. पडदा भरावा म्हणून चित्र ताणलं की प्रत्येक चेहरा एक-तृतीयांशाने रुंद होतो. वर-खाली कापून भरलं तर ५७६ मधल्या १४४ रेषा, म्हणजे चौथा हिस्सा फेकला जातो. बाजूला काळ्या पट्ट्या राहू द्या. रिमोटवर किंवा सेटिंगमध्ये ४:३ निवडा. दिग्दर्शकाने चौकट तशीच आखली होती.

व्हिडिओवरच्या जुन्या मालिकांसाठी डीव्हीडीचा आणखी एक फायदा आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. पाल पद्धतीत सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं जातात. आधी विषम क्रमांकाच्या रेषा, मग सम. त्यामुळे नाचताना हाताची हालचाल प्रवाही दिसते. डीव्हीडी ही पन्नास अर्धी चित्रं जशीच्या तशी ठेवते. इंटरनेटवर जुन्या मालिका चढवताना बरेच लोक त्यातली निम्मी टाकून देतात आणि सेकंदाला पंचवीस चित्रं ठेवतात. हालचाल अडखळते, रेषा निम्म्यावर येतात, तिरप्या कडा दातेरी होतात. तीच मालिका डीव्हीडीवर लावून बघा. वर्षानुवर्षं मोबाइलवर धूसर बघितलेला प्रसंग असा उघडतो की घरातली मोठी माणसं नकळत पुढे सरकून बसतात.

फिल्मवरच्या परदेशी मालिकेला हीच पाल पद्धत थोडी नडते. फिल्म सेकंदाला चोवीस चित्रांनी चालते, पाल पंचवीस मागते. उपाय म्हणून सगळी मालिका चार टक्के जलद चालवतात. तासाचा भाग साडेसत्तावन्न मिनिटांत संपतो आणि आवाज दुरुस्त केला नसेल तर पट्टीही चढते. काळी एकचं गाणं पांढरी दोनच्या जवळ सरकतं. कान तयार असलेल्या माणसाला हे लगेच कळतं. ब्लू-रे चोवीस चित्रं चोवीसच ठेवते. संगीतप्रधान मालिका असेल तर एवढ्या एका कारणासाठी ब्लू-रे घ्यावी.

परदेशातल्या नातेवाइकांकडून सेट मागवणाऱ्यांनी खोक्यामागचं लहानसं चिन्ह वाचावं. डीव्हीडीसाठी जग सहा विभागांत वाटलं गेलं. भारत पाचव्या विभागात, अमेरिका पहिल्या, ब्रिटन आणि दुबई दुसऱ्या, सिंगापूर तिसऱ्या. ब्लू-रेने तीनच विभाग केले. भारत सी, अमेरिका आणि सिंगापूर ए, ब्रिटन आणि दुबई बी. न्यू जर्सीहून आणलेला सेट इथल्या प्लेअरवर चालेलच असं नाही. भारतात विकलेले पुष्कळ डीव्हीडी प्लेअर सगळे विभाग वाचतात, ब्लू-रे प्लेअर याबाबत जास्त कडक असतात. मात्र काही कंपन्या आपल्या ब्लू-रेवर विभागाचं कुलूप घालत नाहीत, आणि २०१६ मध्ये आलेल्या फोर-के अल्ट्रा एचडी ब्लू-रेला विभागच नाहीत. मागवण्याआधी त्या विशिष्ट सेटची चौकशी करावी.

प्लेअरच तिकडून आणायचा विचार असेल तर तो सोडून द्या. अमेरिकेतला प्लेअर तिथल्या विजेचा, तिथल्या विभागाचा आणि तिथल्या साठ हर्ट्झच्या टीव्हीसाठी केलेला असतो. आपली पाल डीव्हीडी त्याच्यात बहुधा चालतच नाही.

मग ऑनलाइन असताना डिस्क कशाला, हा प्रश्न रास्त आहे, आणि आपल्या शहराला तो जास्त जवळचा. वाळूज आणि शेंद्रा इथे स्टरलाइटच्या कारखान्यांत ऑप्टिकल फायबर आणि त्यासाठीची काच तयार होते, आणि घरोघरी येणारी मालिका अशाच धाग्यांतून येते. नेटफ्लिक्स पूर्ण एचडीसाठी सेकंदाला पाच मेगाबिटचा वेग पुरेसा मानतं, फोर-केसाठी पंधरा. ब्लू-रेवर त्याच १०८० रेषांना वीस-पंचवीस मेगाबिट सहज मिळतात. अंधाऱ्या प्रसंगात भिंतीवर पट्टे उमटतात ते ऑनलाइनवर, ब्लू-रेवर ते क्वचित. चालू काळातल्या, एकदाच बघायच्या मालिकेसाठी ऑनलाइन पुरेसं आहे, त्यासाठी डिस्कचा आग्रह मी धरणार नाही. पण पुन्हा पुन्हा बघायची मालिका हक्कांचा करार संपला की ॲपवरून काढली जाते. कधी पार्श्वसंगीताचे हक्क नाहीत म्हणून गाणं बदललं जातं. कपाटातली डिस्क कुणी परत मागत नाही.

जुने सेट मिळण्याच्या जागाही आहेत. जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात जुन्या वस्तूंच्या ढिगात डिस्क सापडतात, घरं बदलणाऱ्यांकडे सापडतात, जुन्या दुकानांच्या मागच्या फळीवर सापडतात. घेताना डिस्क उलटी करून उजेडात धरा. कारखान्यात छापलेली डीव्हीडी खालून चंदेरी असते, दोन थरांची असेल तर सोनेरी झाक येते. जांभळट दिसली तर ती घरी किंवा दुकानात 'राइट' केलेली. त्यात माहिती रंगद्रव्याच्या थरात असते आणि ते रंगद्रव्य ऊन आणि उष्णतेने फिकं पडतं. लग्नाच्या आणि मुंजीच्या डीव्हीडी याच जातीच्या. त्यांची प्रत हार्ड डिस्कवर या वर्षीच काढून ठेवा, मराठवाड्याचा आणखी एक उन्हाळा त्यांच्यावरून जाऊ देऊ नका.

छापलेल्या डिस्क जास्त चिवट. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवलेल्या, आणि माहितीचा थर मध्ये सुरक्षित. ब्लू-रेचा थर पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटर आत, म्हणून तिच्यावर कठीण लेप दिलेला असतो आणि किरकोळ ओरखडे तो झेलतो. पण खोल चरा गेला तर ब्लू-रे जास्त लवकर अडते. दोन्ही उभ्या ठेवा, आडव्या रचू नका. पुसताना मऊ कापडाने मधून बाहेर, सरळ रेषेत. गोल फिरवून पुसलं की ओरखडा मागाच्या दिशेने जातो, आणि तो प्लेअरला सावरता येत नाही.

जोडणीबद्दल एवढंच, की जुन्या डीव्हीडी प्लेअरच्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांनी नव्या टीव्हीला चित्र दिलं तर रंग एकमेकांत उतरतात आणि डीव्हीडीची निम्मी ताकद तिथेच जाते. काही नव्या टीव्हींना तर त्या पिनांची जागाच नाही. एचडीएमआय असलेला प्लेअर हवा. ब्लू-रे प्लेअर डीव्हीडीही वाचतो आणि तिचं चित्र पडद्याच्या मापाला नीट बसवून एचडीएमआयने देतो. डीव्हीडी प्लेअर मात्र ब्लू-रे वाचू शकत नाही, कारण त्याच्यात निळा लेसरच नाही.

एक मागणीही इथे मांडतो. ब्लू-रेवर १०८० रेषाच भरल्या पाहिजेत असं बंधन नाही. ५७६ रेषांचं चित्र सेकंदाला पाच मेगाबिटच्या चांगल्या दराने भरलं तर ५० जीबीच्या एका डिस्कवर बावीस तास मावतात. 'रामायण'चे ७८ भाग, प्रत्येकी सुमारे ३५ मिनिटांचे, म्हणजे एकूण पंचेचाळीस तासांच्या आसपास. ते जेमतेम दोन-तीन डिस्कमध्ये, मूळ टेपचा दर्जा राखून, खोटी धार न लावता बसतील. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. तिथल्या मराठी मालिकांचं जे काही टेपवर शिल्लक आहे, ते प्रसार भारतीने याच रीतीने काढावं. जागा आहे, तंत्र आहे, आणि बघणारी पिढी अजून आहे.

वाचकांना सांगायचं ते खरेदीच्या क्रमाबद्दल. मालिकांचे सेट जुन्या बाजारात आणखी काही वर्षं मिळत राहतील, प्लेअरचं तसं नाही. व्हिडिओकॉन आणि मोझर बेअर या दोन्ही कंपन्या २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याखाली न्यायाधिकरणात उभ्या होत्या. सॅमसंगने २०१९ मध्ये नवे ब्लू-रे प्लेअर आणणं थांबवलं, २०२४ मध्ये एलजीही बाहेर पडली. बनवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. घरात डीव्हीडीचे सेट असोत की ब्लू-रेचे, चालू स्थितीतला, एचडीएमआय असलेला एक ब्लू-रे प्लेअर आधी घेऊन ठेवा. सेट कुठला घ्यायचा, ते मालिका कशावर चित्रित झाली हे विचारून मग सावकाश ठरवा.